सावंतवाडीजवळच्या चौदा एकर रानातले कीटक आणि प्राणी कसे ओळखावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सावंतवाडी तालुक्यात, आंबोली घाटाच्या पायथ्याला १४ एकर खासगी जागा. चार एकर जुनी काजूबाग, बाकी पंधरा वर्षं कुऱ्हाड न लागलेलं रान, मधून एक व्हाळ, म्हणजे ओढा, आणि वरच्या अंगाला कातळसडा, म्हणजे उघड्या खडकाचं पठार. मालकांनी वर्षभरात मोबाइलवर सहाशेच्या आसपास फोटो काढले, अ‍ॅपने सुचवलेली नावं उतरवून घेतली आणि २१२ जातींची यादी केली. ही यादी धरण्याजोगी आहे का, आणि पुढे पद्धतशीर काम कसं करायचं?

२१२ हा आकडा तूर्त विसरा. फोटो मात्र जपून ठेवा, सगळं भांडवल तेच आहे. यादीत एक रकाना वाढवा: ‘कशावरून’. प्रत्येक नावापुढे ते नाव कोणत्या खुणेवरून ठरलं हे एका ओळीत लिहायचं. ‘अ‍ॅपने सांगितलं’ ही खूण धरायची नाही. हा रकाना भरायला बसलात की यादी आपोआप चाळली जाते.

यादीतल्या तीन नोंदी घेऊ. पहिली ‘हमिंगबर्ड, संध्याकाळी, घाणेरीच्या फुलावर’. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. फुलासमोर हवेत थबकून मध पिणारा, मागे शेपटीसारखा केसांचा झुबका असलेला हा मॅक्रोग्लॉसम गटातला हॉक मॉथ, म्हणजे पतंग. फोटो मोठा करून पाहा: चोचीच्या जागी बारीक सोंड आहे आणि डोक्यावर दोन मिशा आहेत. पक्ष्याला मिशा नसतात. दुसरी नोंद ‘अ‍ॅटलस मॉथ, अटॅकस अ‍ॅटलस’. पतंग अ‍ॅटलसच, पण पश्चिम घाटात आणि श्रीलंकेत आढळतो तो अटॅकस टॅप्रोबॅनिस. अ‍ॅपकडे जगभरातले अटॅकस अ‍ॅटलसचे फोटो जास्त असल्याने ते तेच नाव पुढे करतं. इथे खूण पंखांवर शोधत बसण्यापेक्षा प्रदेश पाहायचा. तिसरी नोंद ‘ग्रास ब्लू, ४ जाती’. चारही फोटो पंख उघडे असताना वरून काढलेले आहेत. या छोट्या निळ्या फुलपाखरांची ओळख पंखांच्या खालच्या बाजूच्या ठिपक्यांच्या मांडणीवर ठरते. वरच्या फोटोवरून चार जाती सांगणं म्हणजे पाठमोऱ्या माणसाचं नाव सांगणं. ती नोंद ‘ग्रास ब्लू, जात अनिश्चित’ अशी एकच राहील.

‘अनिश्चित’ लिहायला लाजू नका. ओळख पायरीपायरीने उतरते: गण, कुळ, प्रजाती, जाती. पुरावा जिथे संपतो तिथे थांबायचं. स्किपर कुळातली साधी तपकिरी फुलपाखरं, बारीक पतंग, बहुतेक माश्या आणि चिलटं यांची जात फोटोवरून ठरतच नाही, कित्येकदा जननांगं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. चांगल्या यादीत निम्म्याहून अधिक कीटक कुळावर किंवा प्रजातीवर थांबलेले दिसले तर ती यादी करणाऱ्यावर जास्त विश्वास ठेवावा.

गण ओळखायला फार अभ्यास लागत नाही, पाठीकडे पाहायची सवय लागते. पाठीवर दोन कडक झाकणं आणि ती मधोमध सरळ रेषेत मिळालेली असली, तर भुंगेरा. पंख एकमेकांवर चढून पाठीवर फुलीसारखी रेघ, खांद्यांच्या मधे त्रिकोणी ढाल आणि डोक्याखाली दुमडलेली सुईसारखी सोंड असली, तर ढेकणांचा गण. एकच पंखजोडी आणि मिशा अगदी तोकड्या, तर माशी, मग ती कितीही पिवळी-काळी पट्टेरी असो. फुलांवरच्या ज्या ‘मधमाश्या’ हवेत एकाच जागी तरंगतात त्यांतल्या पुष्कळ होव्हरफ्लाय असतात. त्यांचे डोळे जवळजवळ सगळं डोकं व्यापतात. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, पतंगाची मिशी दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी. चतुर बसला की पंख आडवे पसरून ठेवतो, त्याची सडपातळ बहीण टाचणी (डॅमसेलफ्लाय) ते बहुधा पाठीवर मिटते. आणि पाय मोजा. घाटावर पहिल्या पावसात दिसणारा लाल मखमली मृगाचा किडा किडा नव्हेच. त्याला आठ पाय असतात, तो कोळ्यांच्या गोतातला माइट आहे.

नकला करणाऱ्यांकडे जरा जास्त वेळ द्या, कारण चुका तिथेच होतात. तुमच्या यादीत क्रिमझन रोज हे फुलपाखरू सात वेळा आहे, कॉमन मॉर्मन या दुसऱ्या फुलपाखराची मादी एकदाही नाही. मॉर्मनच्या अळ्या कढीपत्ता आणि लिंबावर वाढतात, ती झाडं असलेल्या परसात हे अशक्य वाटतं. कॉमन मॉर्मनची मादी तीन रूपांत येते. एक नरासारखी, एक कॉमन रोजची नक्कल करणारी, एक क्रिमझन रोजची. रोज फुलपाखरं अळीपणी सापसंदीची, म्हणजे ईश्वरीची, पानं खाऊन विषारी होतात आणि पक्षी त्यांना टाळतात. मॉर्मन त्या बदनामीवर जगते. पंखांवरचे लाल-पांढरे डाग इतके जुळतात की पंख पाहून ठरवायला जाऊच नका. धड पाहा. रोजच्या डोक्यावर आणि पोटावर ठळक लाल रंग असतो, मॉर्मनचं धड काळं. म्हणून फोटो काढताना फुलपाखराने पंख मिटून धड झाकलं असेल तर ते उघडेपर्यंत थांबा, नाहीतर बाजूने वाका.

रुईवरच्या प्लेन टायगर या फुलपाखराचंही तसंच. त्याची नक्कल डॅनेड एगफ्लायची मादी करते. मागच्या पंखाच्या मधल्या भागात प्लेन टायगरच्या मादीला तीन आणि नराला चार काळे ठिपके असतात. एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेला एकच.

तिसरी नक्कल तुमच्या काजूबागेत नक्की सापडेल. पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या विणकर मुंग्यांच्या रांगेच्या कडेला एखादी ‘मुंगी’ एकटीच, थोडी बिचकत चालताना दिसते. पुढचे दोन पाय उचलून ती मिशांसारखे हलवते. काडी जवळ नेली तर चावायला येण्याऐवजी पानाखाली पळते किंवा धाग्याला लोंबकळत खाली उतरते. ही मुंगीसारखी दिसणारी उडी मारणारी कोळीण आहे. पाय आठ, आणि चेहऱ्यावर मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे डोळे. नर असला तर जबडा इतका लांब की दुसरी मुंगी तोंडात धरून चाललीय असं वाटतं. अशी एक जरी पकडलीत, फोटोत म्हणतो, तर ‘विणकर मुंगी’ म्हणून टाकलेले जुने फोटो पुन्हा तपासा.

आता फोटो. एका कीटकाचे किमान चार हवेत: वरून, बाजूने, समोरून चेहरा, आणि जमल्यास खालून. टाचणी आणि चतुर असतील तर पोटाच्या टोकाचा वेगळा फोटो, कारण नराच्या टोकाकडच्या उपांगांच्या आकारावर जात ठरते. पाचवा फोटो कीटक ज्या झाडावर होता त्याच्या पानाचा. मापासाठी मिलिमीटरचा आलेखकागद लॅमिनेट करून खिशात ठेवा आणि कीटक उडून गेल्यावर त्याच जागी ठेवून एक फोटो घ्या. मोबाइलला लावायचं मॅक्रो भिंग पुरतं, पण त्यातून दोन-तीन सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणून ते बसलेल्या पतंगांसाठी, अळ्यांसाठी आणि भुंगेऱ्यांसाठी. फुलपाखरांना मोबाइलचा साधा झूम बरा. कॅमेरा असेल तर ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स, एफ ८ ते ११, शटर १/१६० ते १/२००, आणि फ्लॅशसमोर पांढऱ्या फोमचा किंवा ट्रेसिंग पेपरचा पडदा. पडद्याशिवाय भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा चटका उठतो आणि नेमकी कोरीव खूण जाते. कॅमेऱ्याचं घड्याळ दर महिन्याला मोबाइलशी जुळवा. दिवस-वेळ चुकलेला फोटो हा निम्मा फोटो.

नोंदवही कागदाची, पेन्सिलीची. कोकणच्या पावसात शाई टिकत नाही. जागेचे पाच भाग पाडून त्यांना खुणा द्या: क काजूबाग, व व्हाळ, स सडा, र दाट रान, प परस. फोटोला नाव द्यायचं ते असं: २०२५०९१४-व-०१७. तारीख, भाग, क्रमांक. सहाशे फोटोंना मागे जाऊन हे करायला दोन संध्याकाळी लागतील.

पद्धतशीर म्हणजे काय, तर एकच वाट पुन्हापुन्हा चालणं. परसापासून काजूबागेतून व्हाळापर्यंत ४०० मीटरची वाट ठरवा. दर दहा दिवसांनी, ऊन असताना, सकाळी साडेआठ ते साडेअकराच्या दरम्यान संथ चालायचं आणि दोन्ही बाजूंना अडीच मीटर, पुढे पाच मीटर एवढ्या चौकटीतलीच फुलपाखरं मोजायची. चौकटीबाहेर कितीही देखणं काही दिसलं तरी ते वेगळ्या पानावर. अर्धा तास पुरतो. वाऱ्यात, ढगाळ दिवशी मोजणी करू नका. तो दिवस शून्य धरायचा नसतो, पुढे ढकलायचा असतो. वर्षभरात अशा पंचवीस-तीस फेऱ्या झाल्या की तुमच्याकडे आकडे येतात: कोणतं फुलपाखरू कोणत्या महिन्यात, किती. नुसती यादी हे सांगत नाही. कोकणात फुलपाखरांचा खरा हंगाम सप्टेंबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत. हंगामाने रूपही बदलतं. कॉमन इव्हिनिंग ब्राउन पावसाळ्यात पंखाखाली ठळक डोळे मिरवतं, उन्हाळ्यात तेच वाळक्या पानासारखं, डोळे जवळजवळ पुसलेलं. या दोन रूपांना दोन जाती समजून यादी फुगते.

झाडं ओळखता येत नसतील तर अर्धं काम अडेल. अळीचं नाव अळीपेक्षा पान लवकर सांगतं. रुईवर प्लेन टायगर, लिंबू-कढीपत्त्यावर मॉर्मन आणि लाइम, पानफुटीवर रेड पिएरो, कण्हेरीवर कॉमन क्रो, सापसंदीवर दोन्ही रोज आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठं सदर्न बर्डविंग. सापसंदीची वेल तुमच्या कुंपणाला कुठे आहे ते शोधून तिला खूण करा, आणि गवत काढणाऱ्या गड्यांना ती दाखवून ठेवा. अळी घरी आणून कोष होईपर्यंत पाळायची असेल तर त्याच झाडाची ताजी पानं रोज द्या, डब्याला मलमलीचं झाकण लावा, विष्ठा रोज काढा. डब्यात वाफ धरली की बुरशी येते आणि अळ्या काळ्या पडून मरतात. कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या निघतात. ते अपयश नाही, त्या परजीवी माश्यांचीही नोंद करा. काटेरी, हिरव्या, गोगलगायीसारख्या सपाट अळीला मात्र बोट लावू नका. २०२२ मध्ये उसाच्या शेतात ‘घोणस अळी’ म्हणून जिची बातमी झाली ती याच स्लग कॅटरपिलरच्या कुळातली. काटे रुतले तर चिकटपट्टी लावून उचलून काढायचे, चोळायचं नाही.

पतंगांसाठी पडदा लावा. ८ बाय ५ फुटांची पांढरी सुती चादर दोन झाडांत ताणून बांधायची, खालची दीड फूट कड जमिनीवर पसरायची, कारण भुंगेरे पडद्याला आपटून खाली पडतात. दिवा पडद्यापासून फूटभर पुढे, वरच्या तिसऱ्या हिश्शाच्या उंचीवर. वेगळा चोक न लागणारा १६० वॅटचा मर्क्युरी दिवा सगळ्यांत चांगलं काम करतो, पण त्याच्या तीन खोडी आहेत. पूर्ण प्रकाश यायला काही मिनिटं लागतात. वीज गेली तर थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. आणि तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की ती फुटते. वर पत्र्याचा तुकडा बांधाच. वीज दूर असेल तर पॉवर बँकवर चालणारी अतिनील एलईडी पट्टी घ्या, पतंग कमी येतील पण रानात आत जाता येईल. दोन्ही दिव्यांकडे टक लावून पाहू नका, अतिनील किरण अडवणारा चष्मा घाला.

रात्र निवडणं दिव्याइतकंच महत्त्वाचं. अमावास्येच्या आसपास, वारा नसलेली, दमट, ढगाळ रात्र. मेच्या अखेरच्या वळवानंतर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळ्यांत जास्त येतात. जुलैच्या झडीत पडवीत लावा. संध्याकाळी सात ते रात्री दहा या वेळात बारीक पतंग येतात, मोठे हॉक मॉथ आणि रेशीमकुळातले बरेचदा मध्यरात्रीनंतर. रात्रभर जागायचं नसेल तर अकराला दिवा बंद करून टाका, तोवरची नोंद ही तेवढ्या वेळाची नोंद म्हणून लिहा. महिन्यातून दोनदापेक्षा जास्त लावू नका. पडद्यावर बसलेला पतंग ना खातो ना जोडी जमवतो. पहाटेपर्यंत चालू ठेवलात तर उजाडायच्या आधी चादर हळूच झुडपांत झटका. बुलबुल, कोतवाल आणि दयाळ यांना दोन दिवसांत ही खानावळ कळते आणि ते सगळा पडदा साफ करतात. आणि पायाखाली उजेड ठेवा. कीटकांमागे बेडूक येतात, बेडकांमागे साप.

पडद्याजवळ काळा-नारिंगी, मुंगीसारखा, सात-आठ मिलिमीटरचा सडपातळ किडा मानेवर बसला तर चापट मारू नका. तो पेडेरस भुंगेरा. चिरडला की त्याच्या अंगातल्या रसाने दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड येतात, त्यामुळे लोकांना कारणच कळत नाही. फुंकून उडवा, जागा साबणाने धुवा.

दिवसा झुडपांतले कीटक पाहायला पांढरी छत्री उलटी धरून वर फांदीला काठीने दोन ठोके द्या. भुंगेरे, कोळी, काडीकिडे छत्रीत पडतात. फोटो काढायचा, परत त्याच झाडावर ठेवायचं. पारदर्शक डबीत पाच-दहा मिनिटांहून जास्त नको, आणि डबी उन्हात तर मुळीच नको. जमिनीत पेला पुरून सापळा करायची पद्धत प्रसिद्ध आहे, पण पावसाळ्यात कोकणात ती करू नका. पेल्यात पाणी भरतं आणि बेडकांची पिल्लं बुडून मरतात.

मधमाश्या उडताना ओळखण्यापेक्षा पोळ्यावरून ओळखा. उंच फांदीखाली किंवा कड्याला लोंबणारं एकच भलंमोठं उघडं पोळं आग्याचं. झुडपातल्या फांदीभोवती गुंडाळलेलं तळहाताएवढं एकच पोळं फुलोरीचं. झाडाच्या ढोलीत समांतर अनेक पोळी असली तर सातेरी. भिंतीच्या भेगेतून राळेची बारीक नळी बाहेर आलेली आणि तिच्या तोंडाशी मिलिमीटरांत मोजायच्या काळ्या माश्या दिसल्या, तर त्या डंख नसलेल्या. आग्याचं पोळं असलेल्या झाडाच्या जवळपास धूर करू नका, आणि रात्री त्याच्याकडे विजेरी रोखू नका. उजेडाच्या झोतावर ती माशी येते.

सड्यावर जाल तेव्हा दगड उलटण्याची पद्धत पक्की करा. जांभा दगडाखाली फुरसं हा विषारी साप असू शकतो. दगड नेहमी आपल्यापासून दूर असलेल्या कडेने, आकडीने उचलायचा, म्हणजे उघडणारी फट पलीकडे आणि दगड आपल्या पायांची ढाल. खाली विंचू, देवगांडूळ, भुंगेरे जे असेल त्याचा फोटो, आणि दगड पुन्हा त्याच खाचेत, त्याच तोंडाने. उलटा ठेवलेला दगड म्हणजे उद्ध्वस्त केलेलं घर. देवगांडूळ गांडूळ नाही, बेडकांच्या वर्गातला बिनपायांचा प्राणी आहे. तोंड उघडलं की दात दिसतात. विंचू मोजायला रात्री ३६५ नॅनोमीटरची अतिनील विजेरी घ्या, विंचू हिरवट चमकतो. लहानखुरा तांबूस विंचू असेल तर अंतर ठेवा, त्याचा डंख जीव घेऊ शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे या डंखावर प्राझोसिन हे औषध दिलं जाऊ लागलं, तेव्हा वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

बेडकांचं आवाजावर सोपं जातं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात व्हाळाकाठी रोज रात्री दोन मिनिटं मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, जागा आणि वेळ बोलून मुद्रित करा. झाडीतल्या चिमुकल्या बुश फ्रॉगना बरेचदा आवाजानेच वेगळं करता येतं, रंग एकाच जातीत चार प्रकारचे असतात. आंबोली परिसरातून २००९ मध्ये वर्णन झालेला आंबोली टोड सड्यांवरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो, म्हणून पावसाळ्यात सड्यावरच्या डबक्यांत पाय घालू नका. दुसऱ्या गावच्या डबक्यातून आला असाल तर बूट धुवून, सुकवून मगच आत या. बेडकांना होणारी घातक बुरशी चिखलाबरोबर फिरते.

साप ओळखायला दूरवरचा पण पूर्ण लांबीचा फोटो पुरतो. गोंधळ ठरलेला आहे: बिनविषारी कवड्या आणि जहाल विषारी मण्यार. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे मानेजवळ पुसट किंवा नसतातच, मागे जातील तसे स्पष्ट आणि बहुधा जोडीजोडीने. शंका असेल तर मण्यार समजून वागा.

सस्तन प्राण्यांसाठी एक-दोन कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, पुरे. व्हाळाकडे उतरणारी पायवाट निवडा, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला, ४० सेंटिमीटरच्या आसपास, वाटेपासून तीन ते चार मीटरवर, वाटेशी थोडा तिरका. समोर पूर्व-पश्चिम आलं तर सकाळ-संध्याकाळ उन्हाने फुकट फोटो निघतात, म्हणून तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. समोरचं गवत दोन मीटर छाटा, नाहीतर चार दिवसांत हजार फोटो फक्त हलत्या गवताचे. हे कॅमेरे अंगाची उष्णता आणि हवेचं तापमान यांच्यातल्या फरकावर चालतात. एप्रिलच्या दुपारी तो फरक उरत नाही आणि प्राणी समोरून गेला तरी फोटो निघत नाही. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, रंग बदलला की बदला. मुंग्या खोक्यात घर करतात, पट्ट्याला व्हॅसलीन चोळा. एकाच जातीचे अर्ध्या तासातले फोटो एकच नोंद धरा.

या भागात साळिंदर, कांडेचोर, मुंगूस, भेकर, रानडुक्कर यायला हरकत नाही, बिबट्याही. कॅमेऱ्याशिवाय खुणा वाचा. व्हाळाकाठच्या खडकावर खेकड्यांच्या कवचांची आणि माशांच्या खवल्यांची विष्ठा असली तर पाणमांजर पाहा. ‘ऊदमांजर’ हे नाव कोणी पाणमांजराला लावतं, कोणी कांडेचोराला. नावाचा घोळ इथे मोठा आहे, म्हणून नोंदीत शास्त्रीय नावही लिहा. ओल्या मातीतला ठसा बिबट्याचा की कुत्र्याचा? बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे दिसतात. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून सरळ वरून फोटो. शेजारी वाटेने ये-जा करत असतील तर कॅमेऱ्याची पाटी लावा आणि माणसांचे फोटो पुसून टाका.

दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीच्या चाव्याने होतो, मोसम डिसेंबर ते मे. त्या महिन्यांत रानात जाताना पॅन्ट मोज्यांत खोचा, कीटकरोधक लावा, आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंग तपासा. रानात मेलेलं माकड दिसलं तर त्याच्याजवळ न जाता आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा.

ओळख तपासून घ्यायला आयनॅचरलिस्ट, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा फुलपाखरांसाठी बटरफ्लाइज ऑफ इंडिया ही संकेतस्थळं वापरा. आयनॅचरलिस्टवर ‘संशोधन-दर्जा’ मिळायला जातीवर दोन-तृतीयांशाहून जास्त सहमती लागते, म्हणजे कमीत कमी दोन मतं. दुसरं मत देणारा तुमच्याच नावाला मान डोलावणारा मित्र असेल तर तो दर्जा कागदावरचा. खवले मांजर, कासवं, शिकारी पक्ष्यांची घरटी, आग्याची पोळी अशा नोंदींचं ठिकाण धूसर ठेवायचा पर्याय निवडा. अ‍ॅप मग नकाशावर बिंदू सुमारे वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दाखवतं. फोटोच्या पोटातले जीपीएस आकडे मात्र समूहांवर टाकताना वेगळे पुसावे लागतात.

जागेवर फलक लावणार असाल तर त्यावर ‘अभयारण्य’ लिहू नका. तो शब्द वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार सरकारने घोषित केलेल्या क्षेत्रासाठी आहे. खासगी मालक स्वतःहून पुढे आला तर त्याच कायद्याच्या कलम ३६-सी (36C) नुसार जमीन ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ म्हणून घोषित करता येते, आणि तो अर्ज करायचा असेल तर तुमची यादी वनखात्याच्या अधिकाऱ्यापुढे जाईल. जमीन खासगी असली तरी संरक्षित प्राणी पकडणं, सापळा लावणं कायद्याने शिकारच धरली जाते, काही फुलपाखरंही अनुसूचीत आहेत, तेव्हा टाचणी टोचलेला संग्रह अर्जाला जोडायचा विचार सोडा. अर्जाला जोडायची ती फेऱ्यांची वही, फोटो क्रमांकांसह ‘कशावरून’चा रकाना भरलेली यादी, आणि भाग दाखवणारा हाताने काढलेला नकाशा. यादी २१२ वरून ९० वर आली तरी चालेल, पण त्या ९० नावांपुढे प्रत्येकी एक फोटो क्रमांक हवा.